पारदर्शक ऑर्किड कुंडी आणि बार्क-कोळसा मिक्स, सव्वा वर्ष वापरून मग लिहितेय

हा सेट मी गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाईन मागवला होता, १२ सेंटिमीटरच्या दोन पारदर्शक प्लास्टिकच्या कुंड्या आणि सोबत २ लिटर बार्क-कोळशाचं मिक्स (बार्क म्हणजे झाडाच्या सालीचे तुकडे, ऑर्किडला मातीऐवजी हे घालतात), सगळं मिळून ६८० रुपये. तेव्हा लगेच रिव्ह्यू लिहिला नाही कारण ऑर्किडच्या बाबतीत एक हिवाळा गेल्याशिवाय काहीच कळत नाही. आता एक बहर येऊन गेला, दुसरी थंडी तोंडावर आलीय, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हे सांगते की मी या कुंडीपर्यंत पोचले कशी. माझं पहिलं फॅलेनॉप्सिस, म्हणजे दुकानात सगळीकडे दिसतं ते मॉथ ऑर्किड, गृहप्रवेशाला भेट आलं होतं, एका सुंदर चिनीमातीच्या भांड्यात, ज्याला खाली भोकच नव्हतं. अडीच महिने फुलं टिकली, घरात येणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबायचा. मग फुलं गळली, पानं मऊ पडून लोंबायला लागली, मला वाटलं तहान लागलीय म्हणून मी आणखी पाणी घातलं. शेवटी उपटून बघितलं तर मुळं पार सडलेली, दोन बोटांत धरून हलकं ओढलं की वरचं साल सरकन निघून यायचं आणि आत नुसता दोरा उरायचा. आणि मुळांच्या मधोमध मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाळवलेल्या शेवाळाचा, एक घट्ट गोळा, नर्सरीत लहानपणी रोप लावताना घातलेला, तो स्पंजासारखा ओलागच्च. वरून सगळं कोरडं दिसत होतं! मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा, खरंच.

आईला चिपळूणला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आपल्याकडे आंब्या-फणसावर सीतेची वेणी येते ना, ते रानातलं ऑर्किड, तसंच हे. झाडावर नुसतं बसतं, झाडाचं काही खात नाही. त्याला वारा लागतो, तू बरणीत कोंडून ठेवलंस." तिने एका वाक्यात जे सांगितलं ते समजायला मला एक झाड गमवावं लागलं.

मग दोन नवी रोपं आणली आणि या कुंड्यांमध्ये लावली, लावताना मधला मॉसचा गोळा चिमट्याने अलगद काढून टाकला. या कुंडीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मुळं दिसतात. कोरडी असली की चंदेरी-राखाडी, पाणी लागलं की बघता बघता हिरवीगार होतात, कारण त्यांच्यावर पांढरं स्पंजासारखं आवरण असतं जे पाणी शोषून घेतं. मुळं चंदेरी झाली आणि कुंडीच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब नसले तरच मी पाणी देते, वार ठरवलेला नाही. पुण्यात एप्रिलमध्ये चार दिवसांनी लागतं, पावसाळ्यात दहा-बारा दिवस हात लावायचा नाही. सकाळी दहा मिनिटं कुंडी पाण्यात बुडवून ठेवायची आणि पूर्ण निथळू द्यायची, पानांच्या मध्यात पाणी साचलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्यायचं, नाहीतर तिथूनच कूज लागते.

मिक्सबद्दल. बार्कचे तुकडे चांगले आहेत, साधारण एक-दीड सेंटिमीटरचे, पण कोळशाची भुकटी फारच, पिठाच्या चाळणीने चाळल्यावर मूठभर काळी धूळ निघाली. ती तशीच राहिली तर तळाशी बसून हवा अडवते. चाळून रात्रभर भिजवा, मगच वापरा. उन्हाळ्यात हे मिक्स फार पटकन वाळतं म्हणून मी वरून थोडं मॉस पसरलं, मुंबई-कोकणात दमट हवेत त्याची गरज पडू नये.

आता फुलांचं, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. याला फुलायला खत कमी आणि थंडी जास्त लागते, रात्री १६ ते १८ डिग्रीच्या आसपास काही आठवडे मिळाले की फुलांचा दांडा येतो, कायम गरम खोलीत ठेवलं तर वर्षानुवर्षं नुसती पानं. मी नोव्हेंबरभर पूर्वेच्या खिडकीत ठेवलं, रात्री खिडकी उघडी, उजेड भरपूर पण कडक ऊन नाही. पानं गर्द हिरवी असतील तर उजेड कमी पडतोय, जरा पोपटी झाक हवी. १९-१९-१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, आणि मध्ये नुसत्या पाण्याने मुळं धुवायची.

२३ नोव्हेंबरला पानाच्या खालून एक हिरवं टोक दिसलं. मूळ की दांडा, दोन दिवस कळेना. मुळाचं टोक गोल गुळगुळीत चकचकीत असतं, दांड्याचं थोडं चपटं, अंगठा बाजूला काढलेल्या इवल्याशा मुठीसारखं. दांडाच होता! तिथून पहिलं फूल उमलायला जवळजवळ तीन महिने लागले, तेवढ्या काळात कुंडी फिरवायची नाही, नाहीतर दांडा उजेडाकडे वळत वळत वाकडा होतो. नऊ कळ्यांपैकी तीन पिवळ्या पडून गळल्या, कारण त्याच टेबलावर पिकलेली केळी आणि पपई ठेवली होती, पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो तो कळ्यांना चालत नाही. उरलेली सहा मात्र मे महिन्यापर्यंत टिकली. नंतर खालून दुसऱ्या गाठीच्या वर दांडा कापला आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली (फक्त कापल्या जागी, चांगल्या मुळांना लावू नका, ती सुकतात). दुसऱ्या रोपालाही दांडा आला पण उशिरा आणि चारच फुलं.

तक्रारी आहेत. एक कुंडी तडकलेली आली, बदलून मिळायला नऊ दिवस आणि तीन फोन लागले. कुंडी वजनाला अगदी हलकी, दांडा वाढला की कलंडते, म्हणून मी ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवते, बाजूने बोटभर जागा सोडून. उजेडाने आतून हिरवं शेवाळ धरतं, त्याने रोपाचं काही बिघडत नाही पण मुळं दिसेनाशी होतात, मातीच्या कुंडीत ठेवलं की तेही कमी होतं. सेटमध्ये सूचनांचा एक कागदसुद्धा नाही, आणि नवीन माणूस यात सरळ माती भरेल.

पाचपैकी चार स्टार, कुंडीला पाच आणि मिक्सला तीन. ६८० जास्त वाटत असतील तर जुन्या पारदर्शक डब्याला गरम खिळ्याने तळाशी आणि बाजूंनी भरपूर भोकं पाडा, शेजारच्या काकूंना मी तसाच करून दिला आणि त्यांचं रोप छान आहे. मिक्स मात्र घ्यावंच लागेल, आणि दोन वर्षांनी बार्क कुजून भुगा होतो तेव्हा परत घ्यावं लागेल. घेताना १२ चीच कुंडी घ्या, १५ ची मोठी म्हणून बरी वाटते पण तिच्यात मधलं मिक्स वाळतच नाही.