सूक्ष्मवित्त गटाची भेट: पासबुक आधी, कहाणी नंतर

सूक्ष्मवित्त, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या संस्थेच्या गटाला भेट द्यायची, तर ती वसुलीच्या बैठकीच्या दिवशीच ठेवावी. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेच्या धर्तीवर पाच-पाच जणींचे गट बसतात, हप्ता मोजून दिला जातो, पासबुकात नोंद होते. कुणाचा हप्ता कुणी भरला, हे तिथेच कळतं. नंतर सभासदांच्या कहाण्या खरोखर हलवून सोडतात, पण संस्था यशस्वी सभासदच पुढे करते. म्हणून गट सोडलेल्यांबद्दल विचाराच. हप्ता धंद्यातून फेडला की दुसऱ्या कर्जातून, हेही. व्याज फ्लॅट, म्हणजे फेड होत गेली तरी मूळ पूर्ण रकमेवरच, सांगतात का बघा: वर्षभराच्या मासिक हप्त्यांवर फ्लॅट 12 टक्के म्हणजे घटत्या शिल्लकेवर जवळपास 21.5 टक्के! 2015 साली प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतल्या अभ्यासांत अशा छोट्या कर्जांचा परिणाम माफकच दिसला होता. दुभाषी मात्र संस्थेचा नसावा.