सोसायटी की अपार्टमेंट? सही करण्याआधी मतांचा हिशोब मांडून पाहा

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. नऱ्ह्याला फ्लॅट बुक करतोय. करारनाम्याचा मसुदा हातात आलाय आणि त्यात एका कलमात लिहिलंय की पुढे सहकारी संस्था (म्हणजे सोसायटी), असोसिएशन ऑफ अपार्टमेंट ओनर्स (बोलताना नुसतं ‘अपार्टमेंट’) किंवा कंपनी यांपैकी काहीतरी स्थापन होईल. काय, ते बिल्डर ठरवेल. ‘‘दादा, याने फरक काय पडतो? शेवटी मेंटेनन्स तर दोन्हीकडे भरायचाच ना?’’

मी कोथरूडच्या एका सोसायटीत चौदा वर्षं काढली, त्यातली पाच खजिनदार म्हणून. आता चार वर्षं एका अपार्टमेंटमध्ये राहतोय. हा प्रश्न आला की लोक शेअर सर्टिफिकेट, कन्व्हेअन्स (जमिनीची मालकी बिल्डरकडून नावावर होणं), बँकेचं कर्ज असल्या गोष्टी सांगतात. त्या महत्त्वाच्या आहेतच, पण त्या एकदा होतात आणि संपतात. पुढची तीस वर्षं तुम्हाला छळतो किंवा तारतो तो वेगळाच प्रश्न: सभेत मतदान झालं तर कोणाचं चालणार? त्यामुळे मी मुख्यतः मतदान, निवडणूक आणि नियमबदल यांचीच तुलना करणार आहे; पैसे, वसुली आणि पुनर्विकास ओघात येतील.

माणशी मत, की चौरस फुटाला मत

सोसायटी चालते १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यावर. तिथे एका सभासदाला एकच मत. तुमचा वन बीएचके असो, टेरेसवाला फोर बीएचके असो, नाहीतर एकाच नावावर तीन फ्लॅट असोत, मत एकच. अपार्टमेंट चालतं १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्यावर. तिथे बिल्डर आधी डीड ऑफ डिक्लरेशन नावाचा दस्त नोंदवतो आणि त्यात प्रत्येक फ्लॅटसमोर टक्का लिहिलेला असतो, म्हणजे जमिनीतला आणि सामाईक जागेतला तुमचा अविभक्त हिस्सा. बहुमत मोजतात ते या टक्क्यांनी, डोकी मोजून नाही. आणि बहुमत म्हणजे ५१ टक्के किंवा जास्त.

कागदावर हा फरक बारीक वाटतो. मावसभावाला मी आकडे घालून दाखवला, तोच इथे देतो. समजा एका इमारतीत ७०० चौरस फुटांचे १६ टू बीएचके, ११०० चे ८ थ्री बीएचके आणि खाली ५०० ची ४ दुकानं आहेत. गाळे २८, क्षेत्रफळ २२,००० चौरस फूट. हिस्सा क्षेत्रफळानुसार धरला तर टू बीएचकेला ३.१८ टक्के, थ्री बीएचकेला ५ आणि दुकानाला २.२७ टक्के येतात.

आता सोळाच्या सोळा टू बीएचकेवाले एक झाले, तर सोसायटीत २८ पैकी १६, विषय संपला. अपार्टमेंटमध्ये त्यांची बेरीज होते ५०.९ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त घरं एका बाजूला असून ठराव पडतो, तोही एक दशांश टक्क्याने!

आमच्या अपार्टमेंटच्या पहिल्या वार्षिक सभेत मी हे डोळ्यांनी पाहिलं. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधे एक टेबल, वर उदबत्ती. विषय होता सोलर पॅनेलचा. हात वर झाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला वाटलं झालं. सेक्रेटरी मात्र खाली मान घालून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज करत बसले होते. ‘‘ए-२०१... तीन पूर्णांक अठरा... ए-२०३ कोणाचा हात होता? वहिनी, तुमचा का साहेबांचा?’’ पाच मिनिटांनी मान वर करून म्हणाले, ‘‘नामंजूर.’’ सोसायटीतून आलेल्या आम्हा दोघा-तिघांना तो शब्द पचायला बराच वेळ लागला.

याचा एक भयंकर उपप्रकार म्हणजे न विकलेले गाळे. वरच्याच उदाहरणात चारही दुकानं आणि दोन थ्री बीएचके बिल्डरकडे पडून असतील, तर अपार्टमेंटमध्ये त्याच्या हातात १९ टक्के मतं राहतात. सोसायटीत तो फार तर एक सभासद, एक मत. ज्या बिल्डरविरुद्ध गळतीची तक्रार करायची, तोच सभेत पाचव्या हिश्शाचा मालक म्हणून बसलेला बघायचा नसेल, तर हे आधी तपासा.

निवडणूक

सोसायटीची निवडणूक पाच वर्षांतून एकदा होते. २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्था आपली निवडणूक आपणच घेऊ शकतात. त्याहून मोठ्या संस्थांची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणामार्फत होते. शंभरपर्यंत सभासद असतील तर नमुना उपविधींप्रमाणे (उपविधी म्हणजे संस्थेचे अंतर्गत नियम) समिती अकरा जणांची, त्यात दोन महिलांच्या आणि तीन इतर राखीव जागा. थकबाकी असेल तर उभं राहता येत नाही. मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, तर सहकार खात्याचे उपनिबंधक प्रशासक नेमू शकतात, आणि मग प्लंबरच्या बिलावर सहीसाठीही बाहेरच्या माणसाच्या मागे फिरावं लागतं.

हे सगळं वाचून वाटतं, केवढी लोकशाही! प्रत्यक्षात आमच्याकडे अकरा जागांसाठी सात अर्ज यायचे. त्यातले दोन मी आणि सेक्रेटरी मिळून, चहा पाजून, अक्षरशः भरून घेतलेले. राखीव जागा बहुतेक रिकाम्याच. सोसायटीत मतपेटी भरते ती बहुधा भांडण झालं म्हणूनच. पण भांडण झालंच, तर त्या भांडणाला ठरलेली वाट असते: मतदार यादी, अर्ज, छाननी, गुप्त मतदान, आणि निकाल मान्य नसेल तर सहकार न्यायालय. सगळं लेखी, सगळं तारीखवार.

अपार्टमेंटमध्ये बोर्ड ऑफ मॅनेजर्स असतं. किमान एक तृतीयांश सदस्यांची मुदत दरवर्षी संपली पाहिजे, असं कायदाच सांगतो. म्हणजे दरवर्षी थोडी थोडी निवडणूक. ही गोष्ट मला सोसायटीपेक्षा खरंच बरी वाटते. पाच वर्षं एकच टोळकं डोक्यावर बसत नाही, आणि सगळे एकदम बदलल्यामुळे लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराचा कागद कुठल्या फायलीत आहे हे कोणालाच माहीत नाही, असंही होत नाही. तोटा असा की वर लक्ष ठेवणारं कोणी नसल्यासारखंच असतं. बोर्डाने तीन वर्षं निवडणूकच घेतली नाही, तर बाहेरून कोणी आपणहून विचारायला येत नाही. बोंब तुम्हालाच मारावी लागते.

नियम बदलायचा झाला तर

इथे दोन्हींचा खरा स्वभाव दिसतो.

सोसायटीचा उपविधी बदलायला चौदा दिवसांची नोटीस, सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं आणि मग उपनिबंधकांची नोंदणी लागते. नोंदणी होईपर्यंत बदल लागू नाही. गंमत ‘हजर राहून मत देणाऱ्यांपैकी’ या शब्दांत आहे. आपल्या २८ जणांच्या इमारतीत कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) दोन तृतीयांश किंवा वीस, जे कमी ते, म्हणजे १९. एकोणीस आले आणि तेरा जणांनी हो म्हटलं, तरी उपविधी बदलला. म्हणजे २८ पैकी १३ जण उरलेल्यांच्या घरचा नियम ठरवतात. कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब झाली, तर नंतरच्या सभेला कोरमची अटही राहत नाही. रविवारी सकाळी दहाची सभा आणि त्याच दिवशी भारत-पाकिस्तान सामना, ही तारीख कोण निवडतं हे लक्षात ठेवा.

अपार्टमेंटमध्ये उलट. १९७२ च्या नियमांसोबतच्या नमुना उपविधींप्रमाणे बदलाला डिक्लरेशनमधल्या सगळ्या गाळ्यांच्या एकूण मूल्यापैकी किमान ७५ टक्के ज्यांच्याकडे आहे, अशा मालकांची मंजुरी हवी. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण. शिवाय तो बदल डिक्लरेशनच्या दुरुस्तीत घालून ती रीतसर नोंदवावी लागते. आपल्या उदाहरणात सहा थ्री बीएचकेवाले एकत्र आले की ३० टक्के झाले. बाकीच्या बावीस जणांनी डोकं आपटलं तरी कागद हलत नाही. जे अमेरिकेत राहतात आणि मेलला उत्तर देत नाहीत, तेही हिशोबात ‘नाही’च्याच बाजूला जातात.

थोडक्यात, सोसायटीत नियम बदलणं सोपं, म्हणून तुमच्याविरुद्ध बदलणंही सोपं. अपार्टमेंटमध्ये बिल्डरने पहिल्या दिवशी जे लिहिलं, ते जवळपास कायमचं. म्हणून अपार्टमेंट घेताना डिक्लरेशन ताबा मिळाल्यावर वाचून उपयोग नाही. बहुतेक जण वाचतच नाहीत. मीही वाचलं नव्हतं.

पार्किंगमध्ये हे सगळ्यात जास्त बोचतं. स्टिल्ट पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. सोसायटीत जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करता येतं. अपार्टमेंटच्या डिक्लरेशनमध्ये मात्र ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’ नावाचा प्रकार असतो. अमुक जागा अमुक फ्लॅटच्या वापरासाठी, असं त्यात लिहून टाकलेलं असलं की सभेत कितीही आरडाओरडा करा.

पैशाचा नियम

सोसायटीत सेवा शुल्क सर्वांना सारखं. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, पाणी नळांच्या संख्येवर. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च हिश्शाच्या प्रमाणात. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्याच एका मोठ्या संकुलाच्या वादात हेच उचलून धरलं. वरच्या इमारतीचा वॉचमन, सफाई, लिफ्ट धरून महिन्याचा खर्च ८४,००० असेल, तर सोसायटीत प्रत्येकी ३,०००. अपार्टमेंटमध्ये थ्री बीएचके ४,२००, टू बीएचके २,६७३, दुकान १,९०९. दुकानदार लिफ्ट वापरत नाही म्हणून खूश, थ्री बीएचकेवाला ‘माझ्याकडे दोनच माणसं राहतात’ म्हणून नाराज. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून हा वाद कधी मिटत नाही.

फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर सोसायटी बरी. नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर लागणारं) सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, आणि पुढे फ्लॅट विकलात तर संस्थेच्या हस्तांतरण प्रीमियमलाही २५,००० ची मर्यादा आहे. कमिटी कितीही हुशार असली तरी या रेघा तिला ओलांडता येत नाहीत. अपार्टमेंटमध्ये तुमचं डिक्लरेशन काय म्हणतं, तेवढंच.

काही गोष्टी मात्र दोन्हीकडे कुठल्याच बहुमताने होत नाहीत, तरी दर वार्षिक सभेला कोणीतरी मांडतोच. कुत्र्यांवर सरसकट बंदी ही त्यातली लाडकी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुतेक रहिवाशांना नको असलं तरी अशी बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. आमच्या जुन्या सोसायटीत हा ठराव २२ विरुद्ध ३ ने मंजूर झाला, मिनिट्समध्ये सुवाच्य अक्षरात लिहिला गेला, आणि ज्याच्या कुत्र्यासाठी हा सगळा खटाटोप झाला तो लॅब्रेडॉर पुढची सहा वर्षं सुखाने जिन्यात झोपला.

वसुलीत सोसायटी सरळ पुढे आहे. थकबाकीदाराविरुद्ध उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. अपार्टमेंटची थकबाकी फ्लॅटवर बोजा म्हणून राहते, पण पैसे हातात यायला बहुधा दिवाणी दाव्याची वाट. पुनर्विकासातही सोसायटीला २०१९ च्या शासकीय निर्देशांनी ५१ टक्के संमतीचा रस्ता आखून दिलाय. अपार्टमेंटच्या मूळ कायद्यात त्या हिश्शांना हात लावायचा तर सगळ्यांची संमती लागायची. ती अट पुढे सैल झाली, तरी जमिनीत प्रत्येकाचा हिस्सा आहे म्हटल्यावर घासाघीस जास्तच.

मग कोणी काय घ्यावं

फ्लॅट साधारण एका मापाचे असतील, बरेच मालक स्वतः राहणार असतील, तर डोळे झाकून सोसायटी. तुमचा फ्लॅट इमारतीतल्या लहानांपैकी असेल तरी मताच्या बाबतीत सोसायटीच. मेंटेनन्स महिन्याला तीनेकशे रुपये जास्त जाईल, जाऊ दे. तुमचा फ्लॅट मोठा असेल, किंवा खाली दुकानं-दवाखाने आणि वर मोजके फ्लॅट अशी मिश्र इमारत असेल, आणि नियम उगाच कोणी बदलू नयेत असं वाटत असेल, तर अपार्टमेंटचा विचार करा. पण तो डिक्लरेशनचा मसुदा मागून घेऊनच.

वेळ कधीची, तेही सांगतो. महाराष्ट्राच्या रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नियमांप्रमाणे ५१ टक्के फ्लॅट बुक झाल्यावर तीन महिन्यांत संस्था स्थापनेची प्रक्रिया व्हायला हवी. म्हणजे पूजा घालून राहायला जाण्याच्या कितीतरी आधी हे ठरून गेलेलं असतं. विचारायचं ते करारनाम्यावर सही करण्याच्या आधी.

मावसभावाने बिल्डरच्या ऑफिसातून डिक्लरेशनच्या मसुद्याचं शेवटचं परिशिष्ट मागवलं आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. टक्क्यांचा तक्ता होता. त्याच्या फ्लॅटसमोर १.९. तळमजल्यावरच्या तीन शोरूम मिळून २७.४, तिन्हींसमोर एकच नाव, बिल्डरच्याच दुसऱ्या कंपनीचं. मी फक्त त्या ओळीभोवती लाल गोल करून फोटो परत पाठवला. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: ‘‘वाकडला एक आहे, ४० फ्लॅट, सोसायटी रजिस्टर झालीय. रविवारी येतोस का बघायला?’’