सांताचा भाड्याचा पोशाख: खरं सांगायला उपयोगी

नाताळात कोल्हापुरात भाड्याने मिळणाऱ्या या पोशाखात डगला, विजार, पट्टा, टोपी ठीक. दाढी मात्र कच्ची. इलॅस्टिक सैल असलं की ती हनुवटीखाली घसरते आणि बाबा ओळखू येतात. पायताणावरून तर लगेच! घेतानाच इलॅस्टिक ताणून बघा, बूट घाला.

७-८ वर्षांच्या पोरानं "सांता खरा असतो का?" विचारलं, तर आधी "तुला काय वाटतं?" विचारा. त्याची शंका पक्की असेल तर थापा वाढवू नका. त्याच्यासमोरच पोशाख चढवा, दाढी त्याच्या हातात द्या. ४थ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा शहरात निकोलस नावाचे बिशप होते, त्यांच्यावरूनच सांताची कल्पना आली, तेही सांगा. धाकटं भावंड जवळ असताना मात्र हे नकोच. त्याची भेट उशाशी ठेवायचं काम आता मोठ्याकडे द्या.