घरी बदललेल्या मागच्या ब्रेक डिस्क : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडीच्या मागच्या दोन्ही ब्रेक डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकत्या, आणि त्यांना दाबून गाडी थांबवणारे पॅड मी घरी बदलले, त्याला आता आठ महिने झाले असून त्यानंतर गाडी अकरा हजार किलोमीटर चालली आहे. हे काम झाल्या दिवशी सगळेच चांगले वाटते. खरी पारख काही हजार किलोमीटरनंतर होते, म्हणून मुद्दाम इतके थांबून लिहीत आहे. दोन्ही चाकांना एकाच प्रकारच्या डिस्क, एकच हत्यारे आणि एकच दिवस मिळाला. तरीही डावे चाक आजवर निर्दोष राहिले आणि उजवे मला पुन्हा उघडावे लागले. त्याचे कारण दहा-पंधरा मिनिटांच्या घाईत होते.

मागच्या डिस्क झिजण्यापेक्षा गंजून अधिक खराब होतात. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात आणि मागच्या डिस्कवर पॅड इतक्या हलक्या हाताने घासतात की गंज पुरता खरवडलाच जात नाही. माझ्या डिस्कच्या आतल्या बाजूला, म्हणजे चाकाच्या जाळीतून सहज न दिसणाऱ्या बाजूला, जवळपास बोटभर रुंदीचा गंजाचा पट्टा पडला होता. जाडीही उतरली होती : नवी असताना 10 मिमी, कडेवर कोरलेली किमान मर्यादा 8 मिमी, आणि मोजलेली जाडी 8.3 मिमी. येथे एक सांगतो की, हे माप साध्या व्हर्नियरने घेऊ नये. झिजलेल्या डिस्कच्या काठाला न झिजलेली उंच कड उरते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. मायक्रोमीटरच वापरावा.

मागचे काम करताना हँडब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावून, सपाट आणि पक्क्या जमिनीवर, गाडी स्टँडवर टेकवूनच मी हात घातला. केवळ जॅकच्या भरवशावर असलेल्या गाडीखाली कोणीही हात घालू नये. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सुटल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला. डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, धरून ठेवणारा छोटा स्क्रू मात्र हट्टी निघाला. साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला असता तर त्याचा माथा नक्कीच खराब झाला असता. हातोडीचा ठोका बसला की टोक दाबून फिरवणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरल्यावर तो तिसऱ्या ठोक्याला सुटला. डिस्क तरीही हबला चिकटून होती. तिच्यात आट्यांची दोन छिद्रे असतात, ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाहीत. त्यांत योग्य मापाचे दोन बोल्ट घालून ते आलटून पालटून अर्धा अर्धा फेरा आवळत गेलो आणि डिस्क ‘टक्’ असा आवाज करून आपणहून पुढे आली. हातोडीने ठोकत बसण्यापेक्षा ही रीत कितीतरी चांगली, कारण त्यात बेअरिंगला धक्के बसत नाहीत.

माझ्या गाडीत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच आहे. अशा कॅलिपरचा पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, नुसता दाबून आत जात नाही. तो दाबत दाबत फिरवावा लागतो, आणि तसे न करता शिकंज्याने जोर लावल्यास आतली यंत्रणा मोडते. काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूची फिरवण्याची दिशाही उलट असते, तेव्हा आधी माहितीपुस्तिका पाहावी. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर तो सर्व्हिस मोडमध्ये नेल्याशिवाय कॅलिपरला हातच लावू नये. पिस्टन फिरवण्यासाठी घेतलेल्या हत्याराबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. पिस्टन फिरू लागल्यावर त्याच्याभोवतीचे धुळीपासून वाचवणारे रबर पिळलेल्या फडक्यासारखे आवळले जात होते. दर दोन फेऱ्यांनी थांबून मी ते बोटांनी मोकळे केले आणि काठाला थोडे सिलिकॉन ग्रीस लावले. ते रबर फाटले असते तर आत पाणी जाऊन काही महिन्यांतच पिस्टन अडकू लागला असता. पिस्टन आत जाताना टाकीतील ब्रेक फ्लुइडची पातळी वर चढते, तीही पाहत राहावी, कारण ते सांडले तर रंग उतरतो.

आता त्या घाईविषयी. जुनी डिस्क निघाल्यावर हबच्या सपाट पृष्ठभागावर गंजाचे पापुद्रे उरतात. डाव्या बाजूला मी ते तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने, चाकाच्या प्रत्येक बोल्टभोवती फिरून, धातू उजळेपर्यंत काढले. उजव्या बाजूला येईपर्यंत उजेड कमी झाला होता. वरवर ब्रश फिरवला, फडक्याने पुसले आणि डिस्क चढवली.

पहिले चार महिने तक्रारीला जागा नव्हती. चाके खाली टेकण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबले, नंतर रिकाम्या रस्त्यावर ताशी 60 वरून 15 पर्यंत वेग मध्यम जोराने दहा वेळा उतरवला, पूर्ण न थांबता आणि मधे थंड व्हायला वेळ देत. पॅड नीट बसले, आवाज नव्हता, आणि पूर्वी नऊ खाचांवर धरणारा हँडब्रेक सहा खाचांवर धरू लागला. साधारण सहा हजार किलोमीटरनंतर मात्र ताशी 90 वरून हलका ब्रेक लावताना पेडलखाली बारीक ठोके जाणवू लागले. स्टिअरिंग स्थिर होते आणि थरथर आसनातून येत होती, तेव्हा दोष मागे आहे हे उघड होते.

अशा वेळी ‘डिस्क वाकली’ असे सर्रास म्हटले जाते. माझ्या बाबतीत डिस्क वाकलेली नव्हती, तिरकी बसलेली होती. चाकाचे नट वॉशर घालून आवळले आणि डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक, डिस्कच्या काठापासून एक सेंटिमीटर आत टेकवून ती हळूहळू फिरवली. डावीकडे काटा 0.03 मिमी हलला, उजवीकडे 0.12 मिमी. डिस्क काढली तर हबच्या काठाजवळ नखाएवढा गंजाचा पापुद्रा दाबून सपाट झालेला होता आणि डिस्कच्या आतल्या तोंडावर त्याचा काळपट ठसा उमटला होता. हबजवळचा तिरकेपणा डिस्कच्या बाहेरच्या काठापर्यंत जाताना वाढतो. मग ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्याला तोच भाग पॅडला घासतो, जाडी असमान होते आणि पेडलला ठोके बसतात. आठ ठिकाणी मोजल्यावर जाडीत 0.02 मिमीचा फरक निघाला. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो, पण पायाला तो स्पष्ट कळतो.

या वेळी हब अर्धा तास घासला. पुन्हा मोजले तेव्हा काटा 0.04 वर आला. ठोके पुष्कळ कमी झाले, तरी ताशी 90 वरून अगदी हलक्या ब्रेकला त्यांचा पुसटसा अंश अजून जाणवतो, कारण जी जाडी असमान झाली ती हब साफ केल्याने परत येत नाही. हा दोष डिस्कचा नाही, हे मला स्पष्ट लिहायचे आहे.

डिस्कबद्दल सांगायचे तर मी गंजरोधक लेप असलेल्या घेतल्या होत्या. पॅड घासतात तेथील लेप पहिल्याच दिवशी निघून गेला, आणि तो तसा जायचाच असतो; पण कड आणि मधला टोपीसारखा भाग पावसाचे महिने काढूनही राखाडीच आहे. गाडी तीन दिवस ओल्या जागी उभी राहिली की घासणाऱ्या भागावर नारिंगी छटा येते, ती पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये जाते. पॅड आतून आणि बाहेरून सारखेच झिजले आहेत, म्हणजे ग्रीस लावलेल्या कॅलिपरच्या पिना मोकळ्या आहेत. उजवी डिस्क दोन हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजणार आहे. जाडीतला फरक वाढलेला दिसला तर दोन्ही बाजूंच्या डिस्क एकत्रच बदलीन, कारण एका अ‍ॅक्सलवर एक नवी आणि एक जुनी डिस्क ठेवणे मला मान्य नाही.