मेझोफोर्टे ऐकायला घेताना: स्टुडिओतली, मंचावरची की उतारवयातली?

'गार्डन पार्टी' ही धून कुठेतरी कानावर पडली, दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून वादकांचं नाव शोधलं आणि 1979 पासूनच्या अल्बमांची रांग समोर आली. अशा अवस्थेत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मेझोफोर्टे हा आइसलँडचा जॅझ-फंक फ्यूजन बँड, म्हणजे जॅझची मोकळी बढत आणि फंकचा नाचरा ठेका यांची सरमिसळ. सगळं क्रमाने ऐकायला बसू नका, तिसऱ्या अल्बमपर्यंत कंटाळाल. माझ्या मते निवड तीन दारांमधून करायची आहे. 1982 चा स्टुडिओ अल्बम, 1983 च्या लंडनच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण, किंवा 2004 नंतरचं पिकलेलं वादन.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1977 मध्ये रेक्याविकमध्ये चार पोरं एकत्र आली. गिटारवर फ्रिद्रिक कार्लसन, कीबोर्डवर एय्थोर गुन्नार्सन, बासवर योहान आउस्मुन्द्सन आणि ड्रम्सवर गुन्लौगुर ब्रीम. ब्रीमला सगळे 'गुल्ली' म्हणतात, विटीदांडूशी संबंध नाही. सगळे विशीच्या आतले. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. टीव्हीची वाहिनी एकच, तीही सरकारी, आणि गुरुवारी ती चक्क बंद. गुरुवारची ही सुट्टी 1987 पर्यंत चालू होती. मोकळ्या गुरुवारांमुळेच बँड घडला असं म्हणणं आगाऊपणाचं होईल, पण एवढ्याशा गावात तासन्‌तास तालीम करणारी पोरं कशी निपजली याचा विचार करताना मला ते गुरुवार आठवतात खरे.

आता पहिलं दार. 1982 चा अल्बम आइसलँडमध्ये नुसत्या '4' या नावाने आला आणि ब्रिटनमध्ये 'सरप्राइज सरप्राइज' म्हणून. जुन्या एलपी गोळा करत असाल तर एवढं लक्षात ठेवा, नाहीतर एकच तबकडी दोनदा घरी येईल. 'गार्डन पार्टी' यातलीच. एय्थोरची ही रचना 1983 च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या सिंगल्सच्या, म्हणजे सुट्या गाण्यांच्या तबकड्यांच्या, खपाच्या यादीत 17 व्या क्रमांकापर्यंत गेली आणि पोरं 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या टीव्ही कार्यक्रमात झळकली. गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत, देश असा की नकाशात शोधावा लागतो, आणि तरीही 17 वा क्रमांक! आइसलँडची पुढे जगभर गाजलेली गायिका ब्यॉर्क हिचा शुगरक्यूब्ज हा बँड तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

या अल्बमचं बळ म्हणजे घासूनपुसून लख्ख केलेला आवाज. पितळी वाद्यांची धून पहिल्या ऐकण्यातच ओठांवर बसते. गिटारची खरड, बास आणि ड्रम्स असे एकमेकांत बसलेत की मधून सुई जाणार नाही. आणि दोषही तोच. सगळं इतकं जागच्या जागी आहे की कोणी वाट चुकतच नाही. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना उत्तम. डोळे मिटून ऐकायला बसलात तर तिसऱ्या-चौथ्या रचनेनंतर मन भटकायला लागतं. माझं तरी लागतं.

दुसरं दार म्हणजे 'लाइव्ह अ‍ॅट द डोमिनियन'. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या डोमिनियन थिएटरमधली मैफल. वादक जवळजवळ तेच, काळ तोच, पण जेवण वेगळं. स्टुडिओत धून राजा असते, इथे ठेका. सोलो, म्हणजे एकेकट्या वादकाची बढत, लांबतात, कोणीतरी जरा पुढे धावतो, बाकीचे त्याला गाठतात, आणि समेवर सगळे एकत्र पडतात तेव्हा आपलीही मान हलते. आपल्याकडे बैठकीत तबलजी आणि गायक एकमेकांकडे बघून हसतात ना, तो क्षण इथे ऐकू येतो. जेमतेम विशी ओलांडलेली ही पोरं यादीत नाव लागल्याच्या धुंदीत आहेत, आणि ती धुंदी वाजवण्यात उतरली आहे. गुल्लीचे ड्रम्स आणि योहानचा अंगठ्याने आपटून वाजवलेला बास यासाठी हे ध्वनिमुद्रण मी पुन्हा पुन्हा लावतो. गैरसोय एवढीच की मूळ धुना ओळखीच्या नसतील तर पहिल्या वेळी सगळं एकसारखं वाटू शकतं.

या दोन दारांच्या मधे 'रॉकऑल' उभी आहे. 'गार्डन पार्टी'नंतरची ही सिंगल ब्रिटनमध्ये 75 च्या वर सरकली नाही. गंमत नावात आहे. रॉकऑल हा उत्तर अटलांटिकमधला एक ओसाड खडक. ब्रिटनने त्यावर 1955 मध्ये हक्क सांगितला आणि आइसलँडसकट इतर देशांनी तो मान्य केला नाही. मासेमारीवरून या दोन देशांत पेटलेलं शेवटचं 'कॉड युद्ध' 1976 मध्ये मिटलं होतं. सात वर्षांनी त्याच ब्रिटनमध्ये आइसलँडच्या पोरांनी या नावाची तबकडी विकायला ठेवली. मुद्दाम की सहज, कोण जाणे, पण मला आवडलं.

तिसरं दार उघडण्याआधी एक इशारा. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातला 'नो लिमिट्स' हा अल्बम सुरुवातीला घेऊ नका. त्यात नोएल मक्काला हा ब्रिटिश गायक आहे. आवाज चांगलाच आहे त्याचा, प्रश्न तो नाही. त्याच सुमारास जॅझ-फंकमधून आलेला ब्रिटनचा लेव्हल 42 हा बँड गाण्यांच्या जोरावर वर चढला होता आणि 'लेसन्स इन लव्ह' तिसऱ्या क्रमांकावर पोचलं होतं. पण लेव्हल 42 चा गायक त्यांचाच बासवादक होता, गळा आणि ठेका एकाच माणसाचे. मेझोफोर्टेच्या अल्बमात गाणं पाहुण्यासारखं येतं, आणि पाहुण्यासाठी घरातल्यांनी आपल्या खुर्च्या मागे घेतल्यासारखं वाटतं. तुम्हाला शब्दांशिवाय चैनच पडत नसेल, तर सरळ लेव्हल 42 ऐका.

तिसरं दार: 2004 चा 'फॉरवर्ड मोशन' आणि 2010 चा 'व्होल्कॅनिक'. तोवर फ्रिद्रिक लंडनमध्ये सेशन गिटारवादक, म्हणजे इतरांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारा, म्हणून स्थिरावला होता आणि बँडच्या गिटारवर ब्रुनो म्युलर हा जर्मन वादक आला होता. सॅक्सोफोनवर ओस्कर गुड्योन्सन. त्याच्या सुरात फुंकरीची हवा ऐकू येते, जुन्या अल्बमांतल्या चकचकीत सॅक्सच्या अगदी उलट. सगळेच कमी वाजवतात, मोकळी जागा ठेवतात. एय्थोर, योहान आणि गुल्ली मात्र तेच. इतकी वर्षं एकत्र वाजवलेला ठेका कसा ऐकू येतो हे कळायला ही दोन्ही लावावीत. पण 'गार्डन पार्टी'सारखी झटकन चिकटणारी धून मागाल तर हात हलवत परत याल.

मग घ्यायचं काय? तुम्ही शास्त्रीय मैफली ऐकत आला असाल, सोलो लांबला तर घड्याळाकडे बघत नसाल, तर डोमिनियनपासून सुरू करा, फक्त आदल्या दिवशी 'गार्डन पार्टी' स्टुडिओतली एकदा ऐकून ठेवा. घरात इतरही माणसं आहेत, स्पीकर एकच आहे आणि कोणी कुरकुर करायला नको असेल, तर '4'. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या जातकुळीचं शांत काही आधीच ऐकत असाल, तर 'फॉरवर्ड मोशन'वरच जा, ऐंशीच्या दशकातला चकचकाट तुम्हाला सोसणार नाही. स्वतः बास किंवा ड्रम्स शिकत असणाऱ्याला मी दुसरा पर्यायच देणार नाही. डोमिनियन, आणि तेही हेडफोनवर.

पैशांचं म्हणाल तर आधी ऑनलाइन ऐका. एलपी घ्यायचीच असेल तर '4'ची घ्या, ती तबकडीवर जास्त खुलते.

आणि हो, 'गार्डन पार्टी' शोधताना हर्ब अल्पर्ट हे नावही समोर येईल. या अमेरिकन ट्रम्पेटवादकाने 1983 मध्येच ती धून आपल्या ढंगात वाजवली, लय बरीच खाली आणून. मध्यलयीतली चीज कोणीतरी विलंबितात घ्यावी तशी. मूळ धून आधी ऐका. अल्पर्ट आधी ऐकलात तर मेझोफोर्टेची पोरं गाडी पकडायला धावताहेत असं वाटत राहील.