सरांची विक्रीपेटी आणि माझे १८,६०० लिंडन

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. ओटीपी कुणाला सांगू नका, कोऱ्या चेकवर सही करू नका, हे काउंटरवरून दिवसातून दहादा बजावणारी बाई. त्यामुळे हे लिहायला लाज वाटते. पण सेकंड लाइफमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या त्या आभासी जगात, वस्तू घडवून तिथल्या ‘लिंडन’ चलनात विकणारं आपलं माणूस अधूनमधून भेटतं, त्याच्यासाठी लिहितेय.

तिथे गेले ती नुसती भटकायला. एका सँडबॉक्समध्ये, म्हणजे बांधून बघायच्या मोकळ्या जागेत, लोक हवेतून ठोकळे काढून घरं बांधताना पाहिले आणि अडकले. ठोकळा ताणायचा, पोकळ करायचा, एका टोकाला निमुळता करायचा, की झाला खांब. प्रीमियम सभासदाला मिळणाऱ्या १०२४ चौरस मीटरवर मी आजोळच्या वाड्याचा चौक उभा केला. एवढ्या जागेला लँड इम्पॅक्ट, म्हणजे वस्तू ठेवायची मर्यादा, ३५१ मिळतो. म्हणजे तुळशीवृंदावन मनासारखं हवं, तर माडीचे कठडे गाळा. (खऱ्या वाड्याच्या वाटणीतही कठड्यांवरूनच भांडणं झाली होती, ते असो.)

दार मात्र ढिम्म हलेना. त्याला स्क्रिप्ट लागते, म्हणजे वस्तूनं काय करायचं ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम. नवी कोरी स्क्रिप्ट ‘हॅलो, अवतार!’ एवढंच म्हणते, पुढचं आपण शिकायचं. मला ते एका अवतारानं (तिथे वावरणाऱ्या माणसाचं रूप म्हणजे अवतार) शिकवलं. कोण, कुठला, मी कधी विचारलं नाही, सर म्हणायची. आमच्या रात्री साडेअकराला, म्हणजे तिथल्या कॅलिफोर्नियाच्या घड्याळात सकाळी, सर हजर. दिंडी दरवाजाची स्क्रिप्ट त्यांनी ओळन् ओळ समजावली. २००७ साली याच जगातली एक ‘बँक’ कशी बुडाली आणि जानेवारी २००८ मध्ये परवाना नसलेल्या बँकांवर बंदी कशी आली, तेही त्यांनीच सांगितलं. ‘पैशाच्या बाबतीत इथे डोळे उघडे ठेव,’ हे वर.

पुढे माझे खांब आणि वृंदावनं विकली जाऊ लागली. लाकडाची टेक्श्चर, म्हणजे वस्तूंवर चढवायची चित्रं, पोर्तुगालमधली एक बाई करून द्यायची; तिचा वाटा तीस टक्के. दर विक्रीला हिशेब करून पैसे पाठवायचा कंटाळा यायचा. सर म्हणाले, वाटणी आपोआप करणारी विक्रीपेटी देतो.

इथली मेख समजून घ्या. गिऱ्हाइकानं पेटीला दिलेले पैसे सगळेच्या सगळे मालकाच्या खात्यात जमा होतात. त्यातून भागीदाराचा वाटा द्यायचा, तर मालकाच्या खात्यातून पैसे काढायची परवानगी स्क्रिप्टला लागतेच. आणि परवानगी देताना ‘तीस टक्केच काढ’ अशी अट घालता येत नाही. एकदा हो म्हटलं की अख्खी तिजोरी उघडी. पेटी ठेवल्यावर समोर येणाऱ्या चौकटीत हे स्वच्छ लिहिलेलं असतं: ही वस्तू तुमचं खातं केव्हाही, पुन्हा न विचारता, पूर्ण रिकामं करू शकते. मी ते वाचलं. वाटणीसाठी हे लागणारच, म्हणून ‘हो’ दाबलं.

एक गोष्ट मात्र नजरेआड केली. आजवर सरांनी दिलेली प्रत्येक स्क्रिप्ट उघडून वाचता यायची. ही ‘नो मॉडिफाय’ होती, आत डोकावता येईना. सर म्हणाले, ‘यात माझी थोडी खास कारागिरी आहे.’ मला ते रास्तच वाटलं. हलवाईसुद्धा पाकाचं प्रमाण सांगत नाही.

पेटीनं अकरा दिवस चोख काम केलं. बाईचा वाटा पैशाला पैसा पोचत होता. मग शेजारचा तुकडा विकायला निघाला, म्हणून मी लिंडन विकत घेतले आणि आनंदाच्या भरात सरांना सांगितलं.

सकाळी खात्यात ४२ लिंडन. व्यवहारांची यादी उघडली. पहाटे चारच्या सुमाराला, काही सेकंदांत, पेटीच्या नावानं: १०,०००, ५,०००, २,०००, १,०००, ५००, १००. स्क्रिप्टला मालकाची शिल्लक दिसत नाही. म्हणून मोठी रक्कम मागून बघायची, नाही मिळाली की लहान. थेट आमच्या नोटांच्या गड्ड्यांसारखं. बेरीज १८,६००. डॉलरला साधारण अडीचशे लिंडन धरले, तर आपले सहा हजारांच्या वर. पैसे गेले होते एका अनोळखी अवताराकडे. सर ऑफलाइन, ते आजतागायत.

पेटी लगेच उडवली. एवढं जरूर करा, कारण दिलेली परवानगी आपोआप संपत नाही. वस्तू काढून टाकली किंवा स्क्रिप्ट रिसेट केली की जाते. तक्रारही नोंदवली. पण रहिवाशांच्या आपसांतल्या सौद्यांत सेकंड लाइफ चालवणारी कंपनी पडत नाही, हे आधीपासून माहीत होतं. पैसे परत आले नाहीत.

जाणते विक्रेते पेट्या वेगळ्या अवताराच्या नावावर ठेवतात आणि त्याच्या खात्यातली रक्कम रोजच्या रोज हलवतात. मीही आता तेच करते. पोर्तुगालच्या बाईंचा वाटा दर रविवारी हातानं पाठवते. त्यांनी एकदा विचारलं, पेटीचं काय झालं? बिघडली, म्हणाले.

दिंडी दरवाजात अजून सरांचीच स्क्रिप्ट आहे. परवा ती उघडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. तिच्यात काहीच खोट नाही.