१ लिटरचा इलेक्ट्रिक राइस कुकर: थंडी आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

कुकर मागच्या आठवड्यात बंद पडला, म्हणून हे लिहायला बसले. दिवा लागेना, प्लेट तापेना. सर्व्हिस सेंटरवाल्याने न उघडताच सांगितलं, "पूर्ण हीटिंग प्लेट बदलावी लागेल." खर्च नव्या कुकरच्या निम्म्याहून जास्त! "दादा, उघडून तर बघा, फ्यूज गेला असेल," म्हटलं, तर म्हणे सुटा पार्ट बदलत नाही. रूमवर राहणाऱ्या पोरीला असं सांगताना काहीच कसं वाटत नाही? तशीच उठून नागपुरात सीताबर्डीत एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी बूड उघडलं, थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा छोटा पार्ट) बदलला, एका नाश्त्याच्या पैशात काम झालं. आत वायरींच्या टोकांवर पिवळा, पापुद्र्यासारखा थर जमला होता. वाळलेलं वरणाचं पाणी.

म्हणजे सगळं येऊन थांबतं झाकणावर. काचेचं झाकण, त्याला एक बारीक भोक. भाताला काही अडचण नाही. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं. पाणी आटलं की ते वर चढतं, खालचं चुंबक सुटतं आणि खटका आपोआप 'वॉर्म'वर पडतो. वरणाचं पाणी मात्र आटतच नाही, त्यामुळे खटका पडत नाही. उकळी चालूच, फेस भोकातून आणि काठावरून बाहेर, बॉडीवरून ओघळत थेट खटक्याच्या फटीत. काठाला बोटभर उंच कड दिली असती तरी भागलं असतं. खोक्यावर वरणभाताचं चित्र छापता, मग वरण उतू जाणार नाही एवढं बघायला नको? मला या झाकणाचा अजूनही राग येतो.

सुरुवातीला मैत्रिणींना सांगायचे की यात फक्त भात करा. ते मत आता बदललंय. मसुराची किंवा मुगाची डाळ घ्या, भांडं निम्म्याच्या खाली ठेवा, थेंबभर तेल टाका आणि झाकण जरा तिरपं ठेवा. वरण मऊ होतं, सांडत नाही. तूर मात्र तासभर भिजवूनही प्रेशर कुकरसारखी घोटली जात नाही. तुरीच्या वरणावर वाढलेल्या माणसाला हे जड जातं, पण चालवून घेते.

खरी कमाई वरच्या जाळीची आहे. खाली भात, वर दोन अंडी आणि एक आलू, त्याच विजेत. ४०० वॅटचा कुकर अर्धा तास चालला तर ०.२ युनिट जळतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं. सोयाबीनच्या सुक्या वड्यांत तर १०० ग्रॅमला ५० च्या वर. त्या वड्या, एक भेदरं (टोमॅटो), कांदा आणि तिखट-मीठ तांदळासोबतच टाकते. मेसच्या पातळ डाळीपेक्षा हे कितीतरी पोटभरीचं. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार उठायच्या वेळी गेलं की पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) स्वस्तात मिळतं. थंडीत तुरीचे सोले आले की सोलेभात, सोबत घरून आणलेली जवसाची चटणी. त्या दोन महिन्यांत बाहेर खायची इच्छाच झाली नाही.

मे महिन्यात वेगळी तऱ्हा. रूमवर सकाळचा भात झाकून ठेवला की दुपारी क्लासवरून येईपर्यंत आंबूस वास. 'वॉर्म'वर ठेवला तर टिकतो, पण बुडाशी कडक होतो. उन्हाळ्यात एकवेळचाच लावा.

तर घ्यायचा का? घ्या, पण १ लिटरचा नको, दीडचा घ्या. एकट्याचं वरण त्यात निम्म्यावर येत नाही आणि फेसाला जागा राहते. दुकानात झाकण लावून काठ किती वर उरतो ते बघा, आणि खालचा स्क्रू साध्या पेचकसाने उघडतो का, हेही विचारून घ्या.